मिरगाच्या आत गाव पुरासाठी तयार करायचं तर: खान्देशातल्या नदी-नाल्याकाठच्या गावांसाठी

खान्देशातल्या बऱ्याच ग्रामपंचायतींच्या आपत्ती आराखड्याच्या फायली मी उघडून पाहिल्या आहेत. फाइल बहुतेक ठिकाणी असते. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावाच्या फायलीत ‘समुद्र खवळलेला असताना मच्छीमारांनी होड्या बाहेर काढू नयेत’ असं छापलेलं होतं. कोकणातल्या कुठल्या तरी गावाचा आराखडा नाव बदलून चिकटवलेला. त्यातले फोन नंबर लावून पाहिले, तर निम्मे बंद, आणि एक तीन वर्षांपूर्वी बदली होऊन गेलेल्या ग्रामसेवकाचा.

ज्या गावांत लोक मनापासून काम करतात, तिथेही एक चूक हमखास होते, ती क्रमाची. सुरुवात होते फोन नंबरच्या यादीपासून, नाहीतर दोर, टॉर्च, लाइफ जॅकेटच्या खरेदीपासून. पाणी गावात नेमकं कुठून शिरतं, शिरायला किती वेळ घेतं आणि तेवढ्या वेळात कोण स्वतःहून हलू शकत नाही, हे ठरण्याआधी घेतलेलं सामान कपाटात पडून राहतं. म्हणून खालचा क्रम बदलू नका. एखादा टप्पा घाईत झाला तरी चालेल, उलटसुलट झालेला चालत नाही.

मुख्य भर पुरावर आहे. वीज, झड, ऊन आणि वादळ शेवटी थोडक्यात घेतलं आहे.

सुरू करण्याआधी

काम आखाजीनंतर (अक्षय तृतीयेनंतर) लगेच सुरू करा आणि मिरगाच्या आत संपवा. आखाजीला लेकी माहेरी आलेल्या असतात, सुरत-पुण्याची पोरं गावात असतात, पहिली बैठक तेव्हा भरभरून होते. इथेच पहिली फसगत. उत्साही पोरांना जबाबदाऱ्या वाटल्या जातात आणि जूनमध्ये ती पोरं सुरतेला परत गेलेली असतात. नाव लिहिताना एकच प्रश्न विचारा: “भाऊ, श्रावणात रात्री दोन वाजता तू गावात असशील का?” नसेल तर त्याचं नाव मदतनीस म्हणून लिहा, जबाबदार म्हणून नको.

नऊ-दहा जण पुरेत. पोलीस पाटील, आशाताई, वायरमन, पाणी सोडणारा कर्मचारी, बचत गटातल्या दोघी, एक ट्रॅक्टरवाला, नदीत मासे धरणारा एखादा, आणि प्रत्येक वस्तीतून एक माणूस. सरपंच हवेतच, पण सगळं सरपंचांवर टाकू नका. ऐन पुरात त्यांचा फोन तहसीलमधून, पत्रकारांकडून आणि नातेवाइकांकडून सतत वाजत असतो.

सामान एवढंच घ्या: चुना, पिवळा आणि लाल ऑइल पेंट, पन्नास फुटी टेप, दोनशे पानी वही. बाकी खरेदी सहाव्या टप्प्यानंतर.

टप्पा १: पायी फिरा

मे महिना आहे, तेव्हा सकाळी सहा ते नऊ फिरा. सोबत सत्तरीपुढचे दोन आबा आणि खालच्या आळीतल्या दोन जुन्या बाया घ्या. बायांना आवर्जून घ्या. पाणी कुठल्या वर्षी कुठल्या ओट्याला लागलं हे पुरुष अंदाजाने सांगतात. बाई सांगते, “चूल विझली तेव्हा पाणी उंबऱ्याच्या दोन बोटं वर होतं.” टेप लावायला तेवढं पुरतं.

नदीच्या वरच्या अंगाने सुरू करून खाली या. चार गोष्टी पाहा.

पहिली, पाण्याची जुनी वाट. नाला सरळ करून प्लॉट पाडलेले असतात, मोरीच्या तोंडाशी उकिरडा असतो, ओढ्यात कपाशीच्या पऱ्हाट्या टाकलेल्या असतात. पऱ्हाट्या मोरीत अडकल्या की पाणी रस्त्यावरून वळतं आणि जिथे कधी आलं नाही अशा घरात शिरतं. पऱ्हाट्या आणि केळीचे खांब काढायचं काम या टप्प्यातच उरकून घ्या, त्याला आराखडा लागत नाही.

दुसरी, मातीची घरं. धाब्याचं छत, मातीच्या भिंती आणि गढीच्या पायथ्याला टेकून बांधलेली घरं वेगळी नोंदवा.

तिसरी, विजेचे खांब, डीपी आणि लोंबणाऱ्या तारा.

चौथी, गाव तुटतं कुठे. बहुतेक गावांत एक फरशी पूल असतो. तो बुडाला की दवाखाना, तालुका, सगळं पलीकडे राहतं. दुसरी वाट कुठून निघते, ती गाडीवाट आहे की पायवाट, हे चालून पाहा. “तिकडून निघता येतं” हे ऐकीव उत्तर वहीत लिहू नका. आमच्या फेरीत अशी एक वाट निघाली खरी, पण पुढे कुणाच्या तरी मळ्याच्या तारेच्या कुंपणाला जाऊन भिडली.

*तपासा: गटातल्या कुणालाही मध्येच थांबवून विचारा, पाणी सगळ्यात आधी कोणाच्या दारात येतं? सगळ्यांचं उत्तर एक येत नसेल तर आणखी एक फेरी मारा.*

टप्पा २: खुणा, पण आधी चुन्याने

आराखड्याचा कणा हाच आहे, आणि नेमका हाच बहुतेक गावांत नसतो. फरशीच्या कठड्यावर किंवा काठच्या पक्क्या खांबावर दोन खुणा हव्यात. पिवळी म्हणजे आवरायला लागा, लाल म्हणजे खालची आळी सोडून निघा. चूक अशी होते की पाणी जिथे पोहोचल्यावर भीती वाटते, तिथे लाल खूण करतात. खूण वेळेवरून उलटं मोजून ठरवायची असते.

आमच्या खालच्या आळीचं गणित सांगतो. घरं चौदा. दिवसाच्या तालमीत आळी रिकामी व्हायला पंचावन्न मिनिटं लागली. रात्री, पावसात, वीज गेलेली असताना त्याच्या दुप्पट धरा, म्हणजे एक तास पन्नास मिनिटं. निरोप शेवटच्या घरापर्यंत जायला वीस मिनिटं. एकूण दोन तास दहा मिनिटं. जुन्या माणसांच्या आठवणीप्रमाणे फरशीवर पाणी आल्यापासून पहिल्या उंबऱ्याला लागेपर्यंत दीड तास मिळतो. याचा अर्थ फरशीवर पाणी दिसल्यावर निघालो तर चाळीस मिनिटं कमी पडतात. आमच्या नाल्याचं पाणी चढताना वीस मिनिटांना साधारण एक फूट चढतं. म्हणून निघायची लाल खूण फरशीच्या पातळीखाली दोन फूट, आणि चूकभूल म्हणून आणखी एक फूट खाली आली. तीन फूट खाली! बैठकीत निम्मे लोक हसले. “तेवढं पाणी तर दर पोळ्याला येतं,” म्हणाले. येतं, खरं आहे. दोन-तीनदा उगाच सामान उचलावं लागेल हे आधीच कबूल करून घ्या, नाहीतर दुसऱ्या वेळी कुणी उठत नाही.

तुमचे आकडे वेगळे येतील. तापीकाठी पाणी हळू चढतं आणि दिवस-दिवस राहतं. सातपुड्यातून उतरणाऱ्या सुकी, मोर, अनेर, गोमाईसारख्या नद्यांत ते अचानक येतं. डोंगरात, कधी मध्य प्रदेशाच्या हद्दीत, पाऊस कोसळतो आणि खाली गावात ऊन पडलेलं असतं. अशा गावांत पातळीच्या खुणेवर विसंबू नका. वरच्या अंगाच्या दोन गावांतल्या माणसांशी फोनचं नातं जोडा. पाणी गढूळ होणं, त्यात पालापाचोळा आणि लाकडं येणं, लांबून घरघर ऐकू येणं हीच तिथली लाल खूण.

सध्या खुणा फक्त चुन्याने मारा. रंग तालमीनंतर.

टप्पा ३: माणसांची यादी

फोन नंबर अजूनही नकोत. आधी ही यादी: अंथरुणावर असलेले, नीट न दिसणारे, दिवस भरत आलेल्या बाया, बाळंतीण, एकटे राहणारे म्हातारे, डायलिसिसला किंवा रोज इन्सुलिन घेणारे. आशाताईंच्या रजिस्टरमध्ये यातलं बरंच सापडतं. प्रत्येक नावापुढे दोन नावं लिहा: कोण उचलेल, आणि तो नसेल तर कोण. खाट, पाठ, खुर्ची की ट्रॅक्टर, तेही लिहा. ऊसतोडीला, वीटभट्टीला गेलेली कुटुंबं कधी परततात आणि नाल्याकाठी पाल टाकून राहणारे बाहेरचे मजूर आहेत का, हेही पाहा. ते मतदार यादीत नसतात, पण पाणी आधी त्यांच्याच पालात शिरतं.

श्रावणात कानबाईच्या सणाच्या रविवारी गावात दुप्पट माणसं असतात आणि सोमवारी विसर्जनाला सगळं गाव नदीवर असतं. त्या दोन दिवसांसाठी काठावर कोण उभं राहील हे वेगळं लिहा.

मग गुरं. माणूस घर सोडत नाही याचं कारण बहुतेक वेळा गोठ्यात असतं. “म्हैस बांधलेली आहे, कसा येऊ?” म्हणून गुरं हलवायची जागा आणि वाट माणसांच्या आधी ठरवा. पिवळ्या खुणेलाच ढोरं वर न्यायची. न्यायला वेळच उरला नाही तर दावं सोडून, नाहीतर कापून द्या. मोकळं जनावर पोहतं, दाव्याला बांधलेलं जागीच मरतं. जनावरांच्या कानात बिल्ला असू द्या आणि मोबाइलवर एकेक फोटो. नुकसानभरपाईच्या वेळी त्यावाचून अडतं.

*तपासा: यादीतलं कोणतंही नाव उचला आणि उचलणाऱ्याला विचारा, “आक्काला कोण नेणार?” त्याला ‘मी’ म्हणता आलं पाहिजे. यादीत नाव आहे, पण ज्याचं आहे त्यालाच सांगितलेलं नाही, असं फार होतं.*

टप्पा ४: निरोप

आता फोन. ही माझ्या स्वतःच्या चुकीची गोष्ट. एका श्रावणात वरच्या धरणातून विसर्ग वाढवल्याचा निरोप मला रात्री अकरा चाळीसला मिळाला. मी तो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, खाली तीन लाल चिन्हं लावली आणि काम झालं असं समजून झोपलो. सकाळी उघडून पाहतो तर रात्री फक्त चौघांनी वाचलेला, त्यातले दोघे पुण्यात. त्या रात्री पाणी ओट्यापर्यंत येऊन थांबलं, हे आमचं नशीब.

तेव्हापासून नियम असा: टाकलेला निरोप हा निरोप नाही. समोरच्याने उलट सांगितलं तरच तो पोहोचला. एका माणसाकडे सात घरं. तो दार वाजवतो, आतून माणूस बोलला की पुढे जातो, शेवटी गटप्रमुखाला ‘सात झाली’ म्हणून कळवतो. आकडा आला नाही तर त्या बाजूला दुसरा माणूस निघतो.

मोबाइल टॉवर आणि वीज दोन्ही गेलेली धरूनच साधनं निवडा. देवळाच्या किंवा मशिदीच्या भोंग्याला बॅटरी जोडलेली हवी. ती नसेल तर हलगी. बांगलादेशाच्या किनाऱ्यावर स्वयंसेवक आजही झेंडे लावून आणि हातातल्या भोंग्यावर ओरडून चक्रीवादळाची सूचना देतात, तेव्हा हलगीची लाज वाटायला नको. मात्र पुराचा ठेका वेगळा ठरवा. लग्नाच्या हंगामात हलगी ऐकून कुणी उठत नाही.

निरोपाची भाषा सरकारी नको. ‘नदीपात्रातील वाढत्या विसर्गामुळे नागरिकांनी सतर्क राहावे’ ऐकून कुणीही कुशी बदलून झोपेल. आमचा निरोप अहिराणीत आहे: “फरशीखाले पानी उनं. ढोरे सोडा. शाळामा चला.” (फरशीखाली पाणी आलं. ढोरं सोडा. शाळेत चला.) कुठे, काय करा, कुठे जा, तिन्ही आलं. रावेर-यावलकडे लेवा बोलीत, धडगाव-अक्कलकुव्याकडे पावरी किंवा भिलीत तयार करा, आणि वस्तीतल्याच माणसाच्या तोंडून द्या.

धरणाचा निरोप वाचायचा कसा

आपल्या वर कोणती धरणं आहेत ती वहीच्या पहिल्या पानावर लिहा. हतनूरच्या खालच्या तापीकाठच्या गावांनी हतनूर. चांगदेवजवळ पूर्णा तापीला मिळते, त्यामुळे विदर्भातला आणि बऱ्हाणपूरकडचा पाऊस दोन्ही हतनूरमध्ये येतात. गिरणाकाठी चणकापूर आणि गिरणा धरण; जळगाव जिल्ह्यात पाऊस नसतानाही कळवण-मालेगावकडच्या पावसाने गिरणा चढते. पांझराकाठी लाटीपाडा आणि अक्कलपाडा. शहादा-शिंदखेड्याकडे सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा बॅरेजचे दरवाजे.

निरोपात दोन आकडे असतात, उघडलेले दरवाजे आणि विसर्ग. दरवाज्यांचा आकडा फसवतो. हतनूरला एकेचाळीस दरवाजे आहेत. त्यातले वीस अर्धा मीटर उघडणं आणि वीस पूर्ण उघडणं यात मोठा फरक आहे. पाहायचा तो विसर्ग. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. पण कधी आकडा क्युमेकमध्ये येतो आणि एक क्युमेक म्हणजे ३५ क्युसेक. ‘हजारच सोडलंय’ म्हणत बसलेलं गाव मी पाहिलं आहे. ते हजार क्युमेक होते.

एवढ्या विसर्गाला आपल्या फरशीवर किती पाणी येतं, हे धरणावर कुणाला विचारून उपयोग नाही, ते गावागणिक बदलतं. तुम्हीच लिहा: तारीख, विसर्ग, निरोपाची वेळ, किती तासांनी पाणी चढलं, कठड्यावर किती फूट. तीन पावसाळ्यांत गावाचं स्वतःचं कोष्टक तयार होतं.

हवामान खात्याचा पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपुढे जोरदार पाऊस, ११५.६ पासून अतिजोरदार, २०४.५ पासून अत्यंत जोरदार. इशारा जिल्ह्याचा असतो, ढग तुमच्याच डोंगरावर फुटू शकतो. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीला चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी एका रात्रीत बाजारपेठेत आलं, त्याच पावसात कन्नड घाटात दरडी कोसळल्या. इशारा नाही म्हणून काठावरचा माणूस घरी पाठवू नका.

*फोनसाठी एवढंच पुरे: १०७७ जिल्हा नियंत्रण कक्ष, ११२ तातडीची मदत, १०८ रुग्णवाहिका. सीमेजवळच्या गावात १०७७ दुसऱ्याच जिल्ह्यात लागू शकतो, म्हणून आपल्या जिल्हा कक्षाचा आणि तहसीलचा पूर्ण नंबर कोडसह लिहा, आणि दर १ जूनला लावून पाहा.*

टप्पा ५: निवारा

जिल्हा परिषदेची शाळा म्हणून सगळे मोकळे होतात. ती उंचावर आहे का? टेप लावा. छत गळतं का, संडासाला पाणी आहे का, बायांसाठी वेगळी खोली आहे का, हातपंप चालतो का. आणि किल्ली. आमच्या पहिल्या तालमीत सगळं गाव शाळेच्या कुलपासमोर उभं राहिलं. किल्ली गुरुजींकडे, गुरुजी तालुक्याला. आता तीन किल्ल्या तीन घरांत आहेत. दोर आणि टॉर्चचंही तसंच. ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवलेला दोर रात्री मिळत नाही.

टप्पा ६: तालीम

एक दिवसा, एक रात्री, घड्याळ लावून. आधी सांगून करा, लोकांना घाबरवण्यात हशील नाही. खोटं नाटक मात्र नको. यादीतल्या आजीला खरंच खाटेवर उचला, तेव्हा कळतं की चार खांदे लागतात आणि गल्लीच्या वळणावर खाट वळत नाही. आमच्याकडे वळली नाही. शेवटी प्लास्टिकच्या खुर्चीला दोन बांबू बांधले, ते बरं जमलं.

किती मिनिटं लागली ते लिहा, टप्पा २ चं गणित पुन्हा मांडा, मग खुणांना रंग द्या. आता खरेदीला जा. काय कमी पडलं ते तालमीनेच सांगितलेलं असतं.

टप्पा ७: पाणी चढतं तेव्हा

पिवळ्या खुणेला: गुरं वर, म्हातारे आणि लेकरं वर. कागदपत्रांची पिशवी (आधार, रेशन कार्ड, सातबारा, पासबुक, औषधाची चिठ्ठी) दाराशी. धान्याची कोठी उंचावर. पिण्याचं पाणी भरून घ्या.

लाल खुणेला: मेन स्विच बंद, गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर काढा, दार ओढा, निघा. क्रम हाच. घरात पाणी शिरल्यावर आणि हात ओले असताना स्विचला हात लावू नका, डीपीवरून लाइन बंद करायला वायरमनला सांगा.

फरशीवर एकही माणूस नको. वीतभर जोराचं पाणी उभ्या माणसाला पाडतं, दोन फूट पाणी जीपसुद्धा उचलतं. गढूळ पाण्याखाली फरशीचा तुकडा वाहून गेलेला दिसतही नाही. दोन्ही टोकांना बैलगाडी आडवी लावा आणि माणूस बसवा. “मी रोज जातो, मला माहीत आहे,” म्हणणाऱ्यालाच अडवायचं असतं.

कुणी वाहत असेल तर मागे उडी टाकू नका. दोर, ट्यूब, तोंड बंद केलेला रिकामा वीस लिटरचा कॅन, गाठी मारलेल्या साड्या फेका. फेकणाऱ्याला मागून दोघांनी धरा. दोर स्वतःच्या मनगटाला गुंडाळू नका.

टप्पा ८: ओसरल्यावर

लोक घाईने झाडलोट करतात, हीच मोठी चूक. आधी फोटो: भिंतीवरची पाण्याची रेघ, भिजलेलं धान्य, पडलेली भिंत, मेलेलं जनावर, शेतातलं पीक. मग तलाठ्याला (आता ग्राम महसूल अधिकारी) कळवा, कधी कळवलं ते वहीत लिहा. जनावर पुरण्याआधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून शवविच्छेदन करून घ्या. माणूस दगावला असेल तर वारसांना चार लाखांचं सरकारी सानुग्रह साहाय्य मिळतं, पण शवविच्छेदन आणि पंचनाम्याचे कागद लागतात. पिकाची ई-पीक पाहणी (ॲपवर पिकाची नोंद) आधीच केलेली असू द्या. अतिवृष्टी धरताना महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पाहिला जातो. ओढ्याच्या पुराने शेत गेलं आणि मंडळातल्या पर्जन्यमापकावर तेवढा पाऊस नसला, तर पुराने झालेलं नुकसान म्हणून वेगळी नोंद करायला सांगा.

घरात शिरताना काठीने आपटत जा, साप आणि विंचू उंच कोरड्या जागी, अंथरुणात, फळीवर बसलेले असतात. साप चावलाच तर कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. तो अवयव हलू न देता दवाखान्यात न्या.

मग विहीर. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर अंदाजाने, ओंजळीने टाकतात, तसं नको. व्यास × व्यास × ०.७८५ × पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, गुणिले १०००, म्हणजे लिटर आले. चार मीटर व्यास, पाच मीटर पाणी: ६२,८०० लिटर. एरवी हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे साधारण १५७ ग्रॅम. पुराचं गढूळ पाणी असेल तर दुप्पट, सव्वातीनशेच्या आसपास. पावडर बादलीत कालवा, दहा मिनिटं निवळू द्या, वरचं पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत सोडा आणि ढवळा. खालचा चुना विहिरीत टाकू नका. तासाभराने ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन आहे का पाहायची चाचणी) करा. पिवळा रंग आला नाही तर पुन्हा टाका. गेल्या वर्षीची उघडी गोणी वापरू नका, तिच्यातलं क्लोरीन उडून गेलेलं असतं.

पुराशिवाय

*वीज:* खान्देशात मान्सूनपूर्व पावसात शेतात माणसं आणि गुरं दगावतात ती बहुतेक झाडाखाली उभं राहिल्यामुळे. चमक दिसल्यापासून गडगडाट तीस सेकंदांच्या आत ऐकू आला तर काम सोडा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. झाड, तारेचं कुंपण, मोटारीचा स्टार्टर, उघडा ट्रॅक्टर, सगळ्यांपासून लांब. आडोसा नसेल तर पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे होऊ नका, एकमेकांपासून अंतर ठेवा. वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर शॉक बसतो, हा समज चुकीचा आहे. श्वास नसेल तर लगेच छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० वेळा, दोन इंच खोल दाब द्यायला लागा आणि १०८ बोलवा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी ॲप मोबाइलवर घ्या.

*झड:* तीन दिवस झड लागली की धाब्याच्या घरातले लोक भिंतीला लागून झोपणार नाहीत, हे पाहा. भिंतीला पोट येणं, माती झरणं, दार एकाएकी घट्ट बसणं, यातलं काही दिसलं तर त्याच रात्री दुसरीकडे. पाऊस उघडल्यावरही दोन-तीन दिवस सोडा, ओली भिंत उन्हातही बसते.

*ऊन:* जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा टप्पा ३ ची यादीच कामाला येते. पत्र्याच्या घरात एकटं कोण आहे, दुपारी दोनला कोण डोकावणार? बोलणं असंबद्ध झालं, अंग तापलं, तर सावलीत न्या, अंगावर पाणी मारून वारा घाला, १०८ बोलवा. शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका.

*वादळ:* केळीपट्ट्यात मे-जूनच्या वावटळीत बाग आडवी होते, ती वाचवायला कुणी बागेत धावू नका. घराच्या पत्र्यावर नुसते दगड ठेवलेले असतील तर ते काढा आणि पत्रे हुक-बोल्टने आवळा. उडालेल्या पत्र्याबरोबर ते दगडही खाली येतात.

वही

दर पावसाळी रात्रीची नोंद वहीत होते, पाणी न आलेल्या रात्रीचीही. वही ग्रामपंचायतीत ठेवू नका, तिथे संध्याकाळी कुलूप लागतं. आमची फरशीजवळच्या किराणा दुकानात, बिडी-काडीच्या फळीशेजारी खिळ्याला सुतळीने टांगलेली आहे, सोबत बॉलपेन बांधलेलं. दुकान रात्री दहाला बंद होतं, मग वही दुकानदाराच्या ओट्यावरच्या खिळ्यावर जाते.